अठ्ठावीस मातीच्या कुंड्या आणि दोन उन्हाळे

निवृत्त होऊन घरी बसल्यावर बाल्कनीतील झाडांकडे माझे लक्ष वाढले आणि नेमक्या त्याच वर्षी झाडे अधिक मरू लागली. नोकरीच्या काळात सकाळी घाईघाईने एकदा झारी फिरवून मी बाहेर पडत असे; आता दिवसातून तीनदा कुंडीपाशी जाणे होऊ लागले आणि माती वरून जराशी कोरडी दिसली की पाणी घातले जाऊ लागले. २०२१ च्या पावसाळ्यात एक तुळस, दोन कढीपत्ते आणि दहा वर्षांचा एक मोगरा गेला. उपटून पाहिले तेव्हा मुळे काळी पडलेली, बोटाने चिरडतील इतकी मऊ झालेली आणि आंबूस वासाची होती. ही सगळी झाडे प्लास्टिकच्या कुंड्यांत होती. ज्यांच्याकडून मी रोपे घेते त्या नर्सरीवाल्यांनी कारण विचारताच सांगितले, "काकू, एक तर हात आवरा, नाही तर कुंडी बदला." हात आवरणे या वयात जमेल असे मला वाटले नाही, म्हणून मी कुंड्या बदलायचे ठरवले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही पुण्यातील कसबा पेठेच्या कुंभारवाड्यात गेलो. दिवाळीपूर्वी पणत्यांच्या गर्दीत तेथे कुंड्यांविषयी कोणी नीट बोलत नाही. फेब्रुवारीत मात्र माठांचा हंगाम नुकता सुरू होत असतो आणि विक्रेत्यांना थोडी उसंत असते. एका दुकानातील मावशींनी मला कुंडी घ्यायची कशी हे शिकवले. डाव्या हाताच्या बोटांवर कुंडी अधांतरी तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने तिच्या काठाखाली टिचकी मारायची. नीट भाजलेली कुंडी खणखणीत वाजते. कच्ची राहिलेली किंवा बारीक तडा गेलेली बद्द वाजते. "वाजवून घ्या, नंतर बदलून मिळणार नाही," असे त्या स्वतःहून म्हणाल्या, हे मला आवडले. मातीत घोड्याची लीद मळलेली असते, भट्टीत ती जळून जाते आणि तिच्या जागी बारीक भोके उरतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. कुंडीच्या अंगातून पाणी पाझरते ते या भोकांतून. पुढे दोन वर्षे मला जो काही फायदा आणि जो काही त्रास झाला, त्यातील बहुतेकाचे मूळ या भोकांतच होते.

तेथून मी वीस कुंड्या घेतल्या. उरलेल्या आठ एका रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून स्वस्तात घेतल्या आणि त्या वाजवून पाहिल्या नाहीत. त्याचे प्रायश्चित्त पुढे मिळाले.

आमची इमारत लिफ्ट नसलेली आहे आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे. कुंड्या वर नेताना "गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं" ही म्हण मला शब्दशः कळली. माझ्या वजनकाट्यावर रिकामी बारा इंची मातीची कुंडी साडेसहा किलो भरली आणि तेवढीच प्लास्टिकची सहाशे ग्रॅम. माती, खत आणि पाणी घातल्यावर मातीची बारा इंची कुंडी चोवीस किलोंच्या आसपास जाते, दहा इंची चौदा किलोंच्या. बारा मोठ्या आणि सोळा लहान कुंड्यांचा हिशेब केला तेव्हा तो पाचशे किलोंच्या वर गेला आणि मी घाबरून बांधकाम क्षेत्रात असलेल्या माझ्या भाच्याला बोलावले. त्याने बाल्कनी मोजली. ती सव्वाचार चौरस मीटरच्या जवळपास भरली. घरगुती बाल्कनीसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला सुमारे तीनशे किलोंचा भार धरलेला असतो, त्यामुळे सरासरी पाहता माझ्या कुंड्या मर्यादेत होत्या. तरीही त्याने मला एक गोष्ट निक्षून सांगितली. "मावशी, बाल्कनी भिंतीतून बाहेर आलेली आहे. जड कुंड्या भिंतीकडे ठेव, कठड्याकडे नाही." अर्ध्या कुंड्या गच्चीवर न्याव्यात असा माझा विचार होता, पण वावर असलेल्या गच्चीसाठी हाच आकडा दीडशे किलोंचा असतो आणि आमची इमारत जुनी आहे, हे ऐकल्यावर मी तो सोडून दिला. माझ्या बहुतेक मैत्रिणी कुंड्यांविषयी बोलताना सौंदर्यापासून सुरुवात करतात. मला वाटते, मजल्यावर राहणाऱ्या माणसाने वजनापासून करावी.

कोरडी नवी कुंडी थेट वापरली तर ती ओल्या मातीतील पाणी स्वतःच पिऊन टाकते, म्हणून प्रत्येक कुंडी मी चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवली. पहिले काही तास तिच्या अंगातून बारीक बुडबुडे निघत राहतात आणि ते थांबले की कुंडी तृप्त झाली असे समजायचे. तळाचे भोक अनेक कुंड्यांत करंगळीएवढेच होते. ते मी कुंडी ओली ठेवून भिंतीसाठीच्या ड्रिलने हळूहळू मोठे केले आणि त्या कामात एक कुंडी गमावली. भोकावर खापराचा एकच बाकदार तुकडा पालथा ठेवला. तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची आमच्याकडे पद्धत आहे आणि माझी आई तो देत असे. पण बारीक माती आणि जाड तुकडे यांच्या सीमेवर पाणी अडून राहते, खाली सहज उतरत नाही, आणि मुळांची जागा मात्र तेवढी कमी होते, म्हणून मी तो दिला नाही. लाल माती, जुने शेणखत, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि थोडी नीम पेंड असे मिश्रण केले. प्लास्टिकमधून काढताना प्रत्येक झाडाची मुळे कुंडीच्या आकाराप्रमाणे गोल गोल फिरून गाठोडे झालेली दिसली. ती बोटांनी मोकळी केली आणि फार गुंतलेली कात्रीने कापली. या सगळ्याला नऊ दिवस लागले.

पहिले दोन महिने मी मातीच्या कुंड्यांची प्रचारक झाले होते. तुळशीला झुपके आले, कोरफडीची पाने जाड झाली आणि वर्षभर रुसलेल्या अडेनियमने कळ्या धरल्या. माझा सैल हात आता चालून जात होता, कारण जास्तीचे पाणी तळाच्या भोकातून जात असेच, शिवाय ते कुंडीच्या अंगातूनही उडून जात होते. मार्चअखेरीस मुलीचा केक भाजताना वापरण्याचा टोचता थर्मामीटर मी दुपारी तीन वाजता दोन कुंड्यांत, काठापासून दोन इंच आत खुपसून पाहिला. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत त्रेचाळीस अंश आणि शेजारच्या मातीच्या कुंडीत चौतीस अंश असा फरक होता. माठातले पाणी गार का होते हे आपण लहानपणी शिकतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती माठाच्या अंगातून घेतली जाते. माझ्या पश्चिमेच्या बाल्कनीत मुळांना तोच लाभ होत होता. दुपारच्या उन्हात माना टाकणारी जास्वंद आता टाकत नव्हती. एवढ्या स्पष्ट फायद्यानंतर लोक प्लास्टिक का वापरतात, असा प्रश्न मला पडू लागला होता.

उत्तर एप्रिलमध्ये मिळाले. जे पाणी उडून गारवा देते ते कोणीतरी परत घालावे लागते. एकाच मापाचे दोन मोगरे मी दहा इंची कुंड्यांत लावले होते, एक मातीच्या आणि एक प्लास्टिकच्या. सकाळी पाणी घालून दोन्ही वजन करून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोलले. मातीची कुंडी साधारण नऊशे ग्रॅमने हलकी झाली होती आणि प्लास्टिकची पाचशेने. हा प्रयोग मी आठवडाभर केला आणि आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी फरक कायम राहिला. अठ्ठावीस कुंड्यांना गुणले तर रोजची जवळजवळ एक बादली पाणी माझी झाडे पीत नव्हती, हवा पीत होती. आमच्याकडे त्या काळात टँकर सुरू होतात आणि सोसायटीत पाण्यावरून वाद होतात. रोज संध्याकाळी बादली घेऊन बाल्कनीत जाताना मला शेजाऱ्यांची नजर चुकवावीशी वाटे, हे मी कबूल करते. भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी मी जमवू लागले, तरी ते पुरत नसे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही सहा दिवस नागपूरला गेलो. शेजारच्या मुलाला मी दिवसाआड पाणी घालायला सांगितले, कारण प्लास्टिकच्या कुंड्या असताना आम्ही गावाला गेलो की हेच सांगत असू आणि ते पुरत असे. त्याने सांगितल्याप्रमाणे केलेही. परत आलो तेव्हा पुदिना वाळून कुरकुरीत झाला होता, नेचा तपकिरी पडला होता आणि दोन शेवंती गेल्या होत्या. प्लास्टिकमधला प्रयोगाचा मोगरा टवटवीत होता आणि मातीतल्याची अर्धी पाने गळली होती.

त्या दिवशी मी एक चूक केली, जी नवख्या माणसाला सहज होण्यासारखी आहे. सगळ्या कुंड्यांना मी भरपूर पाणी घातले, ते तळातून लगेच वाहून गेले आणि पाणी पोहोचले असे मी समजले. प्रत्यक्षात ते पालथ्या घड्यावरचे पाणी होते. कोकोपीट असलेली माती पूर्ण सुकली की आक्रसते, मातीचा गोळा कुंडीच्या कडेपासून सुटतो, आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. गोळा आतून कोरडा तो कोरडाच राहतो. मातीच्या कुंडीत हे लवकर होते, कारण तिच्या कडेची माती सर्वांत आधी सुकते. दोन दिवसांनी झाडे सुधारत नाहीत हे पाहून मी एक कुंडी उचलली. ती हलकी लागली तेव्हा लक्षात आले. मग कपडे भिजवण्याच्या टबात प्रत्येक कुंडी काठापर्यंत बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवली. बारा इंची कुंड्या उचलून टबात घालण्याचे काम ह्यांनी केले आणि पाठ धरली. त्यानंतर चार दिवस घरात मातीच्या कुंड्यांचे गुणगान बंद होते.

पुढच्या दोन महिन्यांत मी जे उपाय करून पाहिले त्यांतील काही टिकले. मातीवर नारळाच्या शेंड्या आणि वाळलेला पाला दोन इंच पसरल्याने वरून उडणारे पाणी कमी झाले, पण कुंडीच्या अंगातून उडणारे पाणी त्याने थांबत नाही. नेच्यासाठी मी वेगळी युक्ती केली: नवे रोप त्याच्या नर्सरीच्या प्लास्टिकच्या कुंडीसकट मोठ्या मातीच्या कुंडीत बसवले आणि मधली जागा वाळूने भरली. वाळू ओली ठेवली की गारवा मिळतो आणि मुळांची ओल मात्र प्लास्टिकच्या आत टिकते. हा नेचा अजून जिवंत आहे. सर्वांत समाधान मला संक्रांतीच्या सुगडांनी दिले. दरवर्षी ती पूजेनंतर माळ्यावर जातात आणि टाकवत नाहीत म्हणून साठतात. शेतात फळझाडांशेजारी मडके पुरून मटका सिंचन करतात, त्याचीच लहान नक्कल म्हणून मी चौदा इंची कुंडीत टोमॅटोच्या रोपाशेजारी एक सुगड गळ्यापर्यंत पुरले, त्यात पाणी भरले आणि डासांसाठी वर पणती पालथी घातली. सुगडात पाव लिटरच्या आसपासच पाणी मावते, त्यामुळे मे महिन्यात ते दीड दिवसात रिकामे होते. त्याच्या जिवावर गावाला जाता येत नाही. पण पाणी थेट मुळांपाशी जाते, आणि मी रोज वरून ओतत असलेल्या पाण्यापेक्षा कमी लागते.

पावसाळ्यात चित्र पुन्हा बदलले. ज्या मोसमात प्लास्टिकमध्ये माझी झाडे मेली होती, त्या मोसमात मातीच्या कुंड्यांतील एकही झाड कुजले नाही, आणि या एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप केला होता हे मी स्वतःला आठवून देत होते. यातही एक बारकावा आहे. जुलैच्या दमट हवेत कुंडीच्या अंगातून फारसे पाणी उडत नाही; तेव्हा झाड वाचते ते मुख्यतः मोठ्या केलेल्या भोकामुळे आणि कुंडी जमिनीपासून उचललेली असल्यामुळे. मी प्रत्येक कुंडीखाली फरशीचे तीन तुकडे ठेवले होते. माझी बहीण चिपळूणला राहते. तेथे पावसाळ्यात मातीच्या कुंड्यांवर शेवाळाचा हिरवा गालिचा चढतो आणि त्या काही उन्हाने सुकत नाहीत, त्यामुळे तिला या कुंड्यांचे माझ्याइतके कौतुक नाही.

त्याच पावसाळ्यात रस्त्याकडेच्या आठ कुंड्यांनी आपले गुण दाखवले. त्यांच्या अंगावर जागोजागी नखाएवढे टवके उडू लागले आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसू लागला. भाच्याने पाहताक्षणी ओळखले: मातीत चुनखडीचे बारीक खडे राहून गेले होते. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, ओल लागली की तो फुगतो आणि वरचे खापर फोडून बाहेर येतो. त्यांपैकी तीन कुंड्यांना दिवाळीपर्यंत आरपार तडे गेले. टिचकी मारून पाहिल्याने चुनखडी कळत नाही, पण कुंडीच्या अंगावर पांढरे कण दिसतात का हे घेताना पाहता आले असते.

कुंडीखालच्या मातीच्या ताटल्यांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. त्या सुंदर दिसतात आणि मी हौसेने घेतल्या होत्या. त्या पाझरतात, त्यामुळे फरशीवर तपकिरी वर्तुळे उमटतात, आणि त्यांत पाणी साचले की डेंग्यूचा प्रसार करणारे डास अंडी घालतात. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून देणे पुरेसे आहे असे मी समजत होते. परंतु ही अंडी पाण्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने तग धरतात; खरखरीत मातीच्या ताटलीतून ती नुसत्या पाण्याने निघत नाहीत, काथ्याने घासावी लागतात. ऑगस्टमध्ये मी सगळ्या ताटल्या काढून टाकल्या. आता त्यांत पक्ष्यांसाठी दाणे ठेवते.

दुसऱ्या उन्हाळ्यात, २०२३ मध्ये, कुंड्यांच्या अंगावर पांढरे थर चढले. टँकरचे आणि बोअरचे पाणी जड असते. पाणी कुंडीच्या अंगातून उडून जाते आणि त्यातील क्षार तेथेच राहतात. प्रथम मला ती बुरशी वाटली होती. प्लास्टिकच्या कुंडीत हे क्षार मातीतच साठतात, येथे त्यांतील काही तरी बाहेर येतात, हे झाडाच्या दृष्टीने बरेच आहे. पण कुंडीच्या दृष्टीने नाही. खापराच्या भोकांत क्षारांचे स्फटिक वाढले की कच्च्या भाजलेल्या कुंडीचे तळाकडून पापुद्रे सुटू लागतात. पितळेची भांडी घासतो तसा चिंचेचा कोळ लावून मी पांढरे डाग काढले आणि गेरू लावला. ऑइल पेंट मात्र कोणी लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका कुंडीला नातीच्या आग्रहाखातर लावला होता. आतून येणाऱ्या ओलीने त्याला फोड आले आणि जेथे रंग टिकला तेथे भोके बुजून कुंडी प्लास्टिकसारखीच वागू लागली. वजन मातीचे आणि गुण प्लास्टिकचे, असा तो व्यवहार झाला.

यानंतर झाडे मोठ्या कुंड्यांत हलवण्याची वेळ आली आणि कुंडीच्या आकाराचा प्रश्न पुढे आला. कुंभारवाड्यातून मी चार कुंड्या माठासारख्या, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळत्या घेतल्या होत्या, कारण त्या मला फार देखण्या वाटल्या. कढीपत्त्याची मुळे पोटभर पसरली आणि तो गोळा तोंडातून बाहेर येईना. प्लास्टिकची कुंडी बाहेरून दाबून, ठोकून झाड सोडवता येते. मातीच्या खरखरीत भिंतीला मुळे चिकटून बसतात आणि दाबण्याची सोयच नसते. एक दिवस पाणी तोडून, कडेने जुनी सुरी फिरवून पाहिली. सरळ कुंड्यांत ही युक्ती चालते, फुगीर कुंडीत चालली नाही. शेवटी हातोडीने कुंडी फोडली. जिचे तोंड सर्वांत रुंद नाही ती कुंडी अनेक वर्षे जगणाऱ्या झाडासाठी घेऊ नये, हे मला त्या दिवशी पाचशे रुपयांच्या खापऱ्या गोळा करताना समजले. त्या खापऱ्या मी जपून ठेवल्या आहेत आणि आता भोकांवर त्याच ठेवते.

सध्या बाल्कनीत सतरा कुंड्या मातीच्या आहेत आणि नऊ प्लास्टिकच्या. तुळस, कोरफड, अडेनियम, सदाफुली, अबोली आणि नंतर लावलेले कढीपत्ते मातीत आहेत. ही झाडे दोन पाण्यांच्या मध्ये थोडी सुकलेली चालतात, किंबहुना त्यांना ते हवेच असते. पुदिना, शेवंती, मिरची आणि कोथिंबीर मी परत प्लास्टिकमध्ये नेली, मात्र काळ्या नव्हे तर पांढऱ्या, आणि तळाला वाढीव भोके पाडून. मोगऱ्याच्या बाबतीत माझे मत अजून ठरत नाही: मातीतला मोगरा फुले अधिक देतो, प्लास्टिकमधला माझ्या गैरहजेरीत जगतो. येत्या मे महिन्यात आम्हाला मुलीकडे तीन आठवडे जायचे आहे आणि त्याआधी त्याची कुंडी बदलावी की शेजारच्या मुलाला या वेळी रोज यायला सांगावे, यावर घरात दोन मते आहेत. तो आता अकरावीत गेला आहे आणि त्याचा सकाळी क्लास असतो.